मार्गदर्शक कुत्र्यासोबत पहिला परदेश प्रवास: तयारी कुठून सुरू करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ताईंना दिसत नाही. गेलं वर्षभर त्या मार्गदर्शक कुत्र्याला, एका लॅब्रडॉरला, सोबत घेऊन एकट्या बाहेर पडतात. आता दोघं पहिल्यांदाच परदेशी निघाली आहेत. साधारण दहा तासांचं विमान, मग रेल्वे. विमान कंपनीने ‘कागदपत्रं पाठवा’ एवढंच कळवलंय, इंटरनेटवर कुणीतरी ओळखपत्र आणि जॅकेट विकतंय, आणि कुत्रा विमानात दहा तास कसा राहील याची घरच्यांना काळजी लागून राहिली आहे.

मी अशा जोड्या घडवण्याचं काम करते. कुत्र्यालाही शिकवते आणि त्याच्यासोबत चालणाऱ्या माणसालाही. विमानाची काळजी सगळ्याच घरांत असते, पण चांगला शिकलेला कुत्रा विमानात बहुतेक वेळ झोपून काढतो. कसोटी लागते ती उतरल्यावर. स्थानक अनोळखी, रस्ते अनोळखी, वाहनं कदाचित उलट्या बाजूने धावणारी, माणूस थकलेला, कुत्राही थकलेला, आणि नेमक्या त्या वेळी ताईंची सुरक्षितता त्या कुत्र्याच्या लक्ष देण्यावर अवलंबून. त्यामुळे कागद, खाणं, पाणी, आसन, तिकिटाची वेळ यांतलं काहीही ठरवताना एकच गोष्ट विचारा: उतरल्यावर तो काम करण्याच्या स्थितीत असेल का?

मार्गदर्शक कुत्र्यांच्या इतिहासातही हाच प्रसंग ठळक आहे. मॉरिस फ्रँक हा अमेरिकन अंध तरुण १९२८ मध्ये स्वित्झर्लंडला गेला, तिथे बडी नावाच्या जर्मन शेफर्ड कुत्रीसोबत शिकला आणि बोटीने न्यूयॉर्कला परतला. उतरल्यावर त्याने बडीसोबत तिथला अत्यंत वर्दळीचा वेस्ट स्ट्रीट पत्रकारांसमोर ओलांडून दाखवला. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, अमेरिकेत ‘द सीइंग आय’ ही मार्गदर्शक कुत्र्यांची शाळा सुरू झाली. बोटीचा प्रवास संपला तिथे त्या दोघांचं खरं काम सुरू झालं होतं.

आता तयारी. तिकिटापासून सुरू करू नका. ज्या देशात जायचंय तिथून सुरू करा आणि तारखा मोजत मागे या. कुत्र्याला विमानात बसू देणं हा एक विषय आणि देशात येऊ देणं हा पूर्णपणे वेगळा विषय. पहिला विमान कंपनीकडे, दुसरा त्या देशाच्या पशुआरोग्य खात्याकडे. एकाने हो म्हटलं म्हणून दुसरा हो म्हणेल असं नाही. बहुतेक लोक कंपनीचा होकार आला की निश्चिंत होतात आणि अडकतात ते रेबीजच्या नियमांत.

जवळजवळ सगळीकडे आधी मायक्रोचिप (कुत्र्याच्या कातडीखाली बसवलेली ओळख क्रमांकाची चिप) लागते, आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांनुसार वाचता येणारी. चिप आधी आणि रेबीजची लस नंतर, हा क्रम महत्त्वाचा. लस आधी टोचलेली असेल तर युरोपीय संघ आणि ब्रिटनसाठी ती धरली जात नाही, चिप बसवून पुन्हा द्यावी लागते. शाळेतून आलेल्या कुत्र्याचं हे बहुधा नीट असतं, तरी दोन्ही तारखा स्वतः तपासा आणि पशुवैद्याला चिप वाचून क्रमांक कागदाशी ताडून पाहायला सांगा. एक आकडा चुकीचा लिहिलेला असला की सगळे कागद दुसऱ्याच कुत्र्याचे ठरतात.

यानंतरचा टप्पा सगळ्यात जास्त वेळ खातो. युरोपीय संघाच्या रेबीजविषयक यादीत नसलेल्या देशातून कुत्रा येत असेल, तर संघ रक्ततपासणी मागतो. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यायचं, ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच तपासायचं, त्यात रेबीजविरोधी प्रतिपिंडांचं (अँटीबॉडीजचं) प्रमाण दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक असायला हवं, आणि रक्त घेतल्याच्या तारखेपासून ३ महिने थांबायचं. म्हणजे लसीपासून मोजायला सुरुवात केली तर चार महिने नुसत्या वाट पाहण्यात जातात. ब्रिटनचं गणितही असंच आहे. शिवाय तिथे पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या दरम्यान पशुवैद्याकडून पट्टकृमीचं (आतड्यातल्या चपट्या जंताचं) औषध द्यावं लागतं आणि त्याची वेळ कागदावर नोंदवावी लागते. वाटेत मुक्काम असेल तर हे तास नीट मोजा. जपानला रेबीजच्या दोन लसी, रक्ततपासणी आणि त्यानंतर १८० दिवसांची प्रतीक्षा लागते, आणि येण्याची सूचना ४० दिवस आधी द्यावी लागते. अमेरिकेत १ ऑगस्ट २०२४ पासून बाहेरून येणारा कुत्रा किमान ६ महिन्यांचा, चिप असलेला आणि तिथल्या रोगनियंत्रण संस्थेचा, सीडीसीचा, आयात फॉर्म भरलेला असावा लागतो. रेबीजचा धोका जास्त मानलेल्या देशांतून येणाऱ्यांना याहून बरंच काही.

हे नियम बदलत राहतात, म्हणून त्या त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर बुकिंगच्या आधी पुन्हा वाचा. आणि साहाय्यक कुत्रा आहे म्हणून रेबीजच्या नियमांतून आपोआप सूट मिळेल असं मुळीच धरू नका. कुत्रा कामाचा आहे की घरचा लाडका, याने विषाणूला फरक पडत नाही. शेवटी लागतो सरकारी पशुवैद्याचा आरोग्य दाखला. युरोपीय संघासाठी तो पोहोचण्याआधीच्या १० दिवसांतला हवा. इतक्या उशिरा मिळणारा कागद असल्याने त्या वैद्याची वेळ मात्र खूप आधी घेऊन ठेवा. वाटेत विमान बदलायचं असेल तर त्या मधल्या देशाचे नियमही विचारा. आणि परतीचे कागद निघण्यापूर्वीच तयार ठेवा. मायदेशी परत येणाऱ्या कुत्र्यालाही परवानगी लागते, हे अनेकांच्या परतीच्या आठवड्यातच लक्षात येतं.

आता विमान कंपनीचं. अमेरिकेच्या वाहतूक खात्याचा जो नियम ११ जानेवारी २०२१ पासून लागू आहे, त्यात साहाय्यक प्राणी म्हणजे अपंग व्यक्तीसाठी विशिष्ट काम करायला शिकवलेला कुत्रा, एवढीच व्याख्या आहे. कंपनी खात्याचाच ठरलेला फॉर्म मागू शकते. त्यात कुत्र्याचं आरोग्य, वागणूक आणि प्रशिक्षण यांची माहिती प्रवाशाने स्वतः लिहून द्यायची असते. उड्डाण ८ तास किंवा त्याहून जास्त असेल तर आणखी एक फॉर्म लागतो: इतका वेळ कुत्रा शी-शू करणार नाही, किंवा केली तर अस्वच्छता होणार नाही अशा पद्धतीने करेल, याची हमी. कंपनी हे फॉर्म उड्डाणाच्या ४८ तास आधी मागू शकते. युरोपीय संघाच्या २००६ च्या ११०७ क्रमांकाच्या नियमात मान्यताप्राप्त साहाय्यक कुत्र्याला केबिनमध्ये नेण्याची तरतूद आहे, आणि मदतीची सूचना किमान ४८ तास आधी द्यायची आहे. माझा सल्ला: तिकीट काढताच कळवा, लेखी उत्तर घ्या आणि ते उत्तर फोनमध्ये असं ठेवा की ताईंना स्क्रीन रीडरवर (फोनवरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीवर) एका मिनिटात सापडेल. काउंटरवरच्या माणसाला वरिष्ठांचं लेखी उत्तर दाखवलं की वाद बहुतेक वेळा तिथेच मिटतो.

त्या विकत मिळणाऱ्या ओळखपत्राविषयी मात्र मला स्पष्ट बोलायचंय. घेऊ नका. अमेरिकेत साहाय्यक कुत्र्यांची कोणतीही सरकारी नोंदवही नाही, त्यामुळे ‘नोंदणीकृत’ म्हणून विकल्या जाणाऱ्या त्या कार्डाला कायद्यात काहीच वजन नाही. तिथल्या अपंग हक्क कायद्याखाली दुकान किंवा हॉटेल दोनच प्रश्न विचारू शकतं: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय. इतर अनेक देशांत याउलट शाळेचा दाखला पाहिला जातो आणि ती शाळा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक श्वान महासंघाची किंवा असिस्टन्स डॉग्ज इंटरनॅशनलची सदस्य आहे का, हे विचारलं जातं. ताईंच्या कुत्र्याच्या शाळेकडून हाच दाखला इंग्रजीत आणि जाणार त्या देशाच्या भाषेत घ्या.

खोट्या ओळखपत्रांचा माल खपतो तेव्हा त्याची किंमत ताईंसारख्यांना मोजावी लागते. काहीही न शिकलेला कुत्रा जॅकेट घालून केबिनमध्ये आला, भुंकला, चावला, की पुढच्या उड्डाणात खऱ्या जोडीकडे संशयाने पाहिलं जातं. आणि मार्गदर्शक कुत्र्यावर दुसऱ्या कुत्र्याने हल्ला केला तर जखम भरूनही मनातली भीती राहू शकते. इतर कुत्रे दिसले की लक्ष उडायला लागलं, तर अशा कुत्र्याला कामातून निवृत्त करावं लागतं. वर्षानुवर्षांची मेहनत आणि एका माणसाचं स्वातंत्र्य त्यात जातं. मानसिक आधारासाठी सोबत असणारा प्राणी माणसाला खरोखर आधार देतो, त्याबद्दल मला शंका नाही. पण अमेरिकी विमान नियमांत आता त्याला पाळीव प्राण्यासारखंच धरता येतं, आणि ती रेषा असणं मला योग्य वाटतं.

कुत्र्याच्या शरीराकडे वळू. झोपेचं औषध देऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. गुंगीत असलेल्या कुत्र्याचा तोल जातो, रक्तदाबावर आणि श्वासावर परिणाम होऊ शकतो, आणि गुंगी उतरेपर्यंत तो ताईंना वाट दाखवू शकत नाही. प्रवासात मळमळ होत असेल तर पशुवैद्य त्यावर वेगळं औषध देतात, पण तेही आधी घरी देऊन पाहायचं. शेवटचं पूर्ण जेवण निघण्याच्या बरंच आधी, नेमकं किती आधी ते त्याच्या सवयीप्रमाणे. बहुतेक कुत्र्यांना रिकाम्या पोटी प्रवास मानवतो. पाणी मात्र बंद करायचं नाही. थोडं थोडं द्या, किंवा बर्फाचे खडे चाटायला द्या. विमान खाली उतरताना कोरड्या खाण्याचे चार दाणे एकेक करून दिले की गिळताना त्याच्या कानांवरचा दाब हलका होतो.

शी-शूची तयारी महिनाभर आधी सुरू करा, कारण अडचण तिथेच येते. गवतावरच जायची सवय असलेला कुत्रा काँक्रीटवर किंवा विमानतळावरच्या कृत्रिम हिरवळीवर तासन् तास अडून राहतो. रोज एकदा ठरलेला शब्द वापरून त्याला वेगवेगळ्या जागी न्या: डांबर, फरशी, वाळू, शोषून घेणारा पॅड. पॅडची सवय झाली तर विमानाच्या स्वच्छतागृहातही सोय होते. ताईंना शाळेत शिकवलेलं असेलच, पण घरच्यांसाठी सांगते: कुत्रा बसला की दिसत नसलेली व्यक्ती त्याच्या पाठीवर हात ठेवते, पाठ कमानीसारखी वाकलेली असेल तर शी, बऱ्यापैकी सरळ असेल तर शू. त्यावरून पिशवी कुठे टेकवायची ते कळतं. त्यामुळे ‘तिला स्वच्छ करता येणार नाही’ असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या विमानतळांवर प्रत्येक टर्मिनलमध्ये कुत्र्यांसाठी अशी जागा असते. इतर ठिकाणी ती सुरक्षा तपासणीच्या आत आहे की बाहेर, हे आधी विचारा. बाहेर असेल तर परत तपासणीच्या रांगेत उभं राहण्याचा वेळ हिशोबात धरा.

सुरक्षा तपासणीत हार्नेसच्या, म्हणजे कुत्र्याच्या अंगावरच्या मूठ असलेल्या पट्ट्यांच्या, धातूमुळे यंत्र वाजणारच. दोरी ताईंच्या हातातच राहू द्या. कुत्रा पुढे, मागे की सोबत हे अधिकाऱ्याशी बोलून ठरवायचं, पण त्याला दुसऱ्याच्या हाती देऊन वेगळं करायचं नाही. सरकत्या जिन्यापासून जपा. जिना संपतो तिथल्या कंगव्यासारख्या दातेरी पट्टीत पंजा किंवा नख अडकून गंभीर इजा होते. खास सराव झालेला नसेल तर लिफ्ट किंवा साधा जिनाच घ्यायचा. विमानतळावर मदतीला येणारा कर्मचारी ताईंना व्हीलचेअरमध्ये बसवायला पाहील. चालता येणाऱ्या अंध व्यक्तीला खुर्चीची गरज नसते, आणि खुर्चीच्या बाजूने पळत जाणारा मार्गदर्शक कुत्रा गोंधळतो. ‘तुम्ही पुढे चला, आम्ही मागून येतो’ एवढं सांगितलं की पुरतं. मागे चालायला कुत्र्याला शिकवलेलं असतं.

आसनाबद्दल मतं वेगवेगळी आहेत. कंपन्या सहसा पहिल्या रांगेतलं, भिंतीसमोरचं आसन सुचवतात. मला लॅब्रडॉरसाठी बहुधा साधी रांग आणि खिडकीची बाजू बरी वाटते. समोरच्या आसनाखाली अंग सारता येतं, त्यामुळे त्याला निवारा मिळाल्यासारखं वाटतं, आणि शेपूट किंवा पंजा मार्गिकेतल्या ट्रॉलीखाली येत नाही. मोठ्या शेफर्डला मात्र तिथे कोंबल्यासारखं होईल. त्याला भिंतीसमोरची जागा द्या. आपत्कालीन दारापाशी आसन मिळत नाही. बसल्यावर हार्नेस काढा. हार्नेस अंगावर असेपर्यंत कुत्र्याच्या लेखी काम चालू असतं. तो काढला की त्याला विश्रांती मिळते. दोरी आणि गळपट्टा मात्र राहू द्या. उड्डाणाआधी कर्मचाऱ्यांकडून आपत्कालीन सूचना ताईंना वैयक्तिक समजावून घेऊ द्या, दार किती रांगा पुढे किंवा मागे आहे हे मोजण्यासकट. शेजारच्या प्रवाशाला ॲलर्जी असेल तर दोघांना दूर बसवणं हा मार्ग असतो. अमेरिकी नियमांत ॲलर्जी हे कुत्र्याला नाकारण्याचं कारण होत नाही.

आता उतरल्यावरचं, ज्यासाठी हा सगळा खटाटोप.

घरच्यांनी हे नीट समजून घ्यावं: मार्गदर्शक कुत्र्याला पत्ता माहीत नसतो. सिग्नलचे रंगही तो वाचत नाही. कुठे जायचं हे ताई ठरवतात, वाहनांचा आवाज ऐकून कधी ओलांडायचं हेही ताईच ठरवतात. कुत्रा अडथळे टाळतो, पायरी आणि कठडा दाखवतो, सरळ रेषेत नेतो, आणि ‘चल’ म्हटल्यावरही समोर गाडी किंवा फलाटाची कड असेल तर हुकूम मोडून जागेवर थांबतो. ही विचारपूर्वक केलेली अवज्ञा त्याच्या शिक्षणातला सगळ्यात अवघड भाग असतो, आणि थकव्याने सगळ्यात आधी हीच ढेपाळते. म्हणून उतरल्या उतरल्या गाठायची रेल्वे नको. विमानानंतर पहिली रात्र विमानतळाजवळ घालवा, रेल्वे दुसऱ्या दिवशी. खर्च वाढतो हे मला माहीत आहे, पण मी कुठे खर्च करायचा सांगत असेन तर तो इथे.

वाहतूक उलट्या बाजूने चालणाऱ्या देशात पहिला आवाज कुठून येईल ही ताईंची वर्षानुवर्षांची सवय उलटी होते. जाण्याआधी यावर बोला आणि पहिले एक-दोन दिवस एखाद्या डोळस माणसाला सोबत घेऊन ठरावीक रस्ते पाठ करा: मुक्काम ते स्थानक, मुक्काम ते दुकान. खोलीत शिरल्यावर आधी ताईंनी स्वतः भिंतीला हात लावत फेरी मारायची, मग कुत्र्याला दार, लिफ्ट आणि शी-शूची जागा दोन-तीनदा दाखवायची. त्याला खोलीत एकटं सोडून जाऊ नका. अनोळखी जागी एकटा राहिलेला, दिवसभर भुंकलेला कुत्रा दुसऱ्या दिवशी कामाचा राहत नाही.

ऊन असेल तर पंजे भाजतात. हाताची उलटी बाजू रस्त्यावर ठेवून पाहा. पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्यालाही चालवू नका. बूट घालायचे तर घरी सवय करून. खाणं तिथे तेच मिळतं का ते आधी शोधा, कारण मांस किंवा दूध असलेलं प्राण्यांचं खाद्य अनेक देश आत आणू देत नाहीत आणि ते सीमेवर काढून घेतात. अन्न एकदम बदललं की जुलाब लागतात, आणि मग प्रवासातले पुढचे दिवस त्यातच जातात.

रेल्वेत फलाट आणि डबा यांमधली फट ही धोक्याची जागा. ताईंनी आधी पायाने फट ओळखायची, मग कुत्र्याला पुढे घ्यायचं, आणि आत बसल्यावर त्याचं तोंड आणि शेपूट दोन्ही वाटेतून बाजूला. टॅक्सीवाले नाकारतात, हे सगळीकडे घडतं. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्यानुसार चालकाला साहाय्यक कुत्रा घ्यावाच लागतो, जास्त पैसे मागता येत नाहीत, आणि वैद्यकीय सूट हवी असेल तर त्याच्याकडे तसं प्रमाणपत्र असावं लागतं. जाणार त्या देशाचा असा एक नियम, त्याच्या कलमासकट, स्थानिक भाषेत ताईंच्या फोनवर ठेवा. ॲपवरून गाडी बोलावताना कुत्र्याचा उल्लेख करावा का, असं मला नेहमी विचारतात. कायदा पाठीशी असेल तिथे मी ‘करू नका’ म्हणते, कारण वाचून आधीच भाडं रद्द करणारे असतात. गाडी दारात आल्यावर नाकारलं तर निदान तक्रार करता येते.

सोबत येणाऱ्या नातेवाइकांसाठी एक विनंती. कुत्र्याशी बोलू नका, त्याला खाऊ घालू नका, त्याची दोरी ओढून ‘इकडे’ म्हणू नका, आणि ताईंना मदत करायची तर ताईंशी बोला. प्रवासात घाई होते आणि प्रेमाने केलेली ही ढवळाढवळ त्या दोघांमधला संवाद मोडते. ताई चुकीच्या दिशेला निघाल्या असं वाटलं तर शब्दांत सांगा.

तुम्ही देशाचं नाव लिहिलेलं नाही. ते, चिप बसवल्याची आणि शेवटच्या लसीची तारीख, आणि रक्ततपासणी आधी कधी झाली आहे का, एवढं कळवा. त्यावरून लवकरात लवकर कधी निघता येईल ते मांडून देते. तोपर्यंत तिकीट काढू नका. काढलंच असेल तर तारीख बदलता येणारं आहे का ते आजच पाहा.